सफीला ओसरी, त्या जीवाला काठी : ‘फ्रँकेनस्टाइन’मधल्या डी लेसी कुटुंबाबद्दल

प्रश्न थोडक्यात असा आहे : मेरी शेलीच्या ‘फ्रँकेनस्टाइन’मधलं डी लेसी कुटुंब स्वतः अन्याय सोसलेलं, देशाबाहेर हाकललेलं आणि तरीही मनाने मोठं आहे. दूरदेशीच्या सफी या तरुणीला ते आनंदाने घरात घेतात. मग व्हिक्टर फ्रँकेनस्टाइनने घडवलेला जीव आसरा मागायला येतो, तेव्हा घरचा मुलगा फेलिक्स त्याला काठीने का झोडपतो? ही माणसं ढोंगी आहेत, की लेखिकेचाच गोंधळ झाला आहे?

मला दोन्ही पटत नाही. या घराचा चांगुलपणा खरा आहे, मजकुरात त्याचे ढळढळीत पुरावे आहेत. पण तो काही अटींवर उभा आहे आणि त्या अटी त्या माणसांना स्वतःलाही ठाऊक नाहीत. लेखिका घटनांचा क्रम असा लावते की एकेक अट उघडी पडत जाते. हा क्रम नीट पाहिला तर बरीचशी उकल होते. त्यासाठी १८३१ च्या आवृत्तीतली ११ ते १६ ही प्रकरणं सलग वाचा. तुमच्याकडे १८१८ ची तीन खंडांची मूळ आवृत्ती असेल, तर दुसऱ्या खंडातली ३ ते ८. प्रकरणांचे क्रमांक १ ते २४ सलग असतील तर पुस्तक १८३१ चं समजा. हा फरक पुढे उपयोगी पडणार आहे.

आधी, डी लेसींच्या घरापर्यंत पोचण्यापूर्वी त्या जीवाचं काय झालं ते बघू. (त्याला कादंबरीत नाव नाही, फ्रँकेनस्टाइन हे घडवणाऱ्याचं आडनाव.) व्हिक्टरने त्याला जिथे घडवलं त्या इंगोलस्टाट शहराजवळच्या जंगलातून तो बाहेर पडतो आणि एका धनगराच्या झोपडीत शिरतो. म्हातारा न्याहारी बनवत असतो. याला पाहून तो किंचाळतो आणि शेतं तुडवत पळून जातो. हा बिचारा मागे उरलेली भाकरी, चीज आणि दूध संपवतो. वाइन त्याला आवडत नाही. पुढे एका गावात तो एका घरात पाऊल टाकतो, तर पोरं किंचाळतात, एक बाई बेशुद्ध पडते, सगळा गाव उठतो आणि दगडधोंड्यांचा मारा सुरू होतो. या दोन्ही वेळी त्याला बोलता येत नव्हतं. म्हणून त्याचा निष्कर्ष असा की आपल्याजवळ भाषा नाही, हीच खरी अडचण. भाषा आली की माणसं आपल्याला ऐकून घेतील. पुढचं जवळजवळ वर्ष तो याच आशेवर काढतो.

डी लेसींच्या घराला लागून एक लाकडी खोपटं असतं. इतकं बुटकं की त्यात ताठ बसणंही कठीण. एका अंगाला डुकरांचा गोठा, दुसऱ्या अंगाला स्वच्छ पाण्याचं डबकं. घराची जुनी खिडकी फळ्यांनी बंद केलेली, तिच्या फटीतून आत जेमतेम दिसतं. या फटीतून त्याला काय दिसतं ते बारकाईने वाचा, कारण चांगुलपणाचं इतकं नेमकं चित्रण कादंबरीत दुसरीकडे नाही. घरात एकच गाय, हिवाळ्यात ती फारसं दूध देत नाही. फेलिक्स आणि अॅगाथा आंधळ्या बापापुढे जेवण ठेवतात आणि कित्येकदा स्वतःसाठी काहीच ठेवत नाहीत. हे समजेपर्यंत तो जीव रात्री त्यांच्याच साठ्यातलं थोडं थोडं चोरत असतो. समजल्यावर चोरी थांबवतो आणि रानातली फळं, कवचाची फळं नि कंदमुळं यांवर भागवतो. एवढ्यावर न थांबता रात्री रानातून सरपण आणून दाराशी ठेवतो, वाटेवरचं बर्फ बाजूला करतो. घरातली माणसं थक्क होतात आणि कुणा भल्या आत्म्याचं हे काम असावं असं म्हणतात.

म्हणजे त्याचं काम त्यांनी स्वीकारलेलंच आहे. करणारा दिसत नाही तोवर ते कृतज्ञ आहेत. उत्तर लिहिताना हा मुद्दा बहुतेक जण सोडून देतात. माझ्या मते सगळ्यात आधी तोच यायला हवा.

आता सफी. ती वसंतात येते : घोड्यावरून, सोबत एक वाटाड्या, अंगावर गडद पोशाख, चेहऱ्यावर दाट काळा बुरखा. ती पूर्वसूचनेशिवाय येते, तिला त्यांची भाषा येत नाही, ती दुसऱ्या देशातली आहे. कागदावर तिच्यात आणि खोपटातल्या जीवात फार अंतर नाही. दोघं एकाच वेळी, एकाच शिकवणीतून भाषा शिकतात. ती घरात बसून, तो फटीला कान लावून. तो तर अभिमानाने सांगतो की माझी प्रगती तिच्याहून जलद होती. ती अजून तुटक बोलत असताना त्याला जवळजवळ प्रत्येक शब्द कळत होता. फेलिक्स तिला व्होल्नी या फ्रेंच लेखकाचं साम्राज्यांच्या उत्थानपतनावरचं पुस्तक शिकवतो. अमेरिका खंडातल्या मूळ रहिवाशांची कशी वाताहत झाली हे ऐकून सफी रडते, आणि भिंतीपलीकडे तोही रडतो.

मग फरक कुठे पडतो? सफी बुरखा काढते तेव्हाचं वर्णन पाहा. केस काळेभोर, चमकदार, वेगळ्याच धाटणीने गुंफलेले, डोळे काळे पण सौम्य, चेहरा रेखीव, आणि वर्ण विलक्षण गोरा, गालांवर गुलाबी झाक. त्याच्या शेजारी पाचव्या प्रकरणातलं त्या जीवाचं वर्णन ठेवा. केस त्याचेही काळे, चमकदार, दात मोत्यासारखे, पण कातडी पिवळी, खालचे स्नायू आणि रक्तवाहिन्या जेमतेम झाकणारी, डोळे पाणीदार, फिकट, ओठ सरळ आणि काळे. सुंदर दिसावं म्हणून व्हिक्टरने अवयव निवडले होते, हे विसरू नका. दोघांच्या वर्णनात केसांची जवळजवळ सारखीच खूण येते आणि बाकी सगळं उलटं पडतं.

चेहऱ्याखेरीज सफीजवळ आणखी तीन गोष्टी आहेत. एक, फेलिक्स तिला आधीपासून ओळखतो आणि त्याचं तिच्यावर प्रेम आहे. दोन, तिची आई ख्रिस्ती अरब होती, तुर्कांनी गुलाम केलेली, आणि तिने मुलीला आपल्या धर्माचे संस्कार दिलेले. तीन, सफी दागिने आणि काही पैसे घेऊन आली आहे. तिच्या आगमनानंतर घरात सुबत्ता दिसू लागते, कामाला नोकर येतात. लेखिका याबद्दल एका शब्दाचीही टिप्पणी करत नाही, नोंद तेवढी करते. सफीचं स्वागत पैशासाठी झालं असा अर्थ मात्र कुणी काढू नये. फेलिक्सचा आनंद पैशाचा पत्ता लागण्यापूर्वीचा आहे. परकी व्यक्ती आपलीशी होताना तिच्या बाजूने किती गोष्टी काम करत असतात, हे दिसावं म्हणून त्या नोंदी आहेत.

चौदाव्या प्रकरणात या कुटुंबाचा पूर्वेतिहास येतो आणि तिथे बऱ्याच जणांची गफलत होते. पॅरिसमध्ये राहणाऱ्या एका तुर्की व्यापाऱ्याला, सफीच्या बापाला, मृत्युदंड होतो. आरोपापेक्षा त्याचा धर्म आणि त्याची संपत्ती हीच शिक्षेची खरी कारणं होती, असं सगळं शहर मानतं. फेलिक्स खटल्याला योगायोगाने हजर असतो आणि निकाल ऐकताच त्याला सोडवायची शपथ घेतो. शपथ आधी, सफी नंतर. व्यापारी बक्षिसाचं आमिष दाखवतो तेव्हा फेलिक्स ते तुच्छतेने झिडकारतो. पुढे सफीला पाहिल्यावर मात्र या कैद्याजवळ आपल्या कष्टांचं मोल आहे, असं त्याच्या मनात येतं. “फेलिक्सने मुलीसाठी बापाला सोडवलं” असं लिहिणं म्हणूनच चूक. सुरुवातीला तिथे निखळ न्यायबुद्धी आहे, मागून मोह मिसळतो. आपल्या वडिलांच्या, बहिणीच्या आणि स्वतःच्या नावाचे परवाने मिळवून तो त्यांना लिऑन, मोंट सेनीमार्गे इटलीतल्या लेगहॉर्नला पोचवतो. कट उघडकीला येतो, म्हातारा डी लेसी आणि अॅगाथा तुरुंगात पडतात. फेलिक्स परत येऊन स्वतःला हवाली करतो. पाच महिन्यांनी खटला, मालमत्ता जप्त, कायमची हद्दपारी.

इथे आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडायला हवी. न्यायालयाच्या धर्मद्वेषावर बोट ठेवणारं हेच प्रकरण पुढे त्या तुर्काला अगदी ठरावीक साच्यात बसवतं : कृतघ्न, दगलबाज, मुलगी ख्रिस्ती माणसाला द्यायची कल्पनाही सहन न होणारा. जनानखान्यात कोंडून राहण्याच्या कल्पनेने सफीला शिसारी येते आणि तिची मुक्ती युरोपात आहे असं गृहीत धरलं जातं. हा साचा लेखिकेच्या घरातलाच म्हणावा लागेल. तिची आई मेरी वुलस्टनक्राफ्ट हिने १७९२ मध्ये स्त्रियांच्या हक्कांवर लिहिताना, स्त्रियांना दुय्यम प्राणी मानण्याच्या रीतीला इस्लामचं नाव दिलं होतं. टीकेचा रोख युरोपातल्या पुरुषांवर होता, पण उदाहरण पूर्वेचं घेतलं. मुलीने तेच उचललं.

लेखिकेच्या बचावासाठी असं म्हणता येतं की ही कथा आपल्यापर्यंत फिरून फिरून येते. सफीने फेलिक्सला सांगितलं, ते त्या जीवाने चोरून ऐकलं, त्याने व्हिक्टरला सांगितलं, व्हिक्टरने बर्फाळ समुद्रातल्या जहाजावर भेटलेल्या वॉल्टन या सफरकऱ्याला, आणि वॉल्टनने बहिणीला पत्रांतून लिहिलं. सफीची पत्रं पुरावा म्हणून दाखवली जातात, पण त्यातली एक ओळही आपल्याला वाचायला मिळत नाही. तुर्काची बाजू तर कुणीच मांडत नाही. तो जीव पूर्वग्रहही याच घरात शिकला, असा अर्थ यातून निघतो. व्होल्नीच्या पुस्तकातून आशियाई लोक आळशी आणि ग्रीक प्रतिभावान हे तो शिकलेला आहेच. हा युक्तिवाद मला अर्धाच पटतो. कादंबरी दिसण्यावरून माणूस ठरवण्याच्या सवयीवर तुटून पडते, धर्म आणि देशावरून माणूस ठरवण्याची सवय मात्र अर्धवट सोडते. ही उणीव मान्य करून उत्तर लिहिलं तर ते दुबळं होत नाही, उलट भरीव होतं.

आता पंधराव्या प्रकरणातली भेट. त्या जीवाची योजना विचारपूर्वक आखलेली आहे. म्हातारा आंधळा आहे, म्हणून मुलं घरात नसताना त्याच्याशी बोलायचं, त्याला आपल्या बाजूला वळवायचं आणि त्याच्यामार्फत बाकीच्यांपर्यंत पोचायचं. दिवसही तसा मिळतो : तिघं लांब फिरायला गेलेली, नोकर जवळच्या जत्रेला. तो दार ठोठावतो आणि थोड्या विसाव्याची गरज असलेला वाटसरू म्हणून आत येतो.

आणि त्याला आत घेतल्यावर आंधळ्या डी लेसीचा पहिलाच प्रश्न काय? तुमच्या बोलण्यावरून तुम्ही माझ्याच देशाचे वाटता, फ्रेंच आहात का? हे वाक्य अधोरेखित करून ठेवा. डोळे नसलेला माणूस पूर्वग्रहापासून मुक्त, असं सरसकट म्हटलं जातं; पण त्याचा कानही आपला-परका ओळखायलाच आधी धावतो. त्या जीवाचं फ्रेंच याच घरात घडलं आहे, म्हणून तो पहिल्या परीक्षेत उतरतो. ‘मी फ्रेंच नाही, पण एका फ्रेंच कुटुंबाने मला शिकवलं’ हे त्याचं उत्तर अक्षरशः खरं आहे.

त्यानंतरचा म्हातारा मात्र खरोखर मोठा माणूस आहे. स्वार्थ आड आला नाही तर माणसांची मनं प्रेमाने भरलेली असतात, असं तो सांगतो. मी गरीब आहे, हद्दपार आहे, पण एका मानवाच्या उपयोगी पडता आलं तर मला आनंदच होईल, असंही म्हणतो. तो ‘मानव’ म्हणतो, ही त्या जीवाच्या वाट्याला आलेली पहिली ओळख. आपण काही मित्रांकडे आसरा मागायला निघालो आहोत, असं त्या जीवाने सांगितलेलं असतं. मग म्हातारा त्या मित्रांची नावं आणि ठिकाण विचारतो. सगळं या क्षणावर येऊन ठेपतं आणि इथेच तो जीव अडखळतो, हुंदके देतो, वेळ घालवतो. बाहेर पावलं वाजतात. घाईघाईत तो म्हाताऱ्याचा हात धरतो आणि तुम्हीच ते मित्र, मला वाचवा, म्हणून विनवतो. दार उघडतं. अॅगाथा बेशुद्ध पडते, सफी तिला सावरायचं सोडून बाहेर धावते, फेलिक्स झेप घेऊन त्याला बापाच्या गुडघ्यांपासून ओढतो, जमिनीवर आपटतो आणि काठीने मारतो.

फेलिक्सच्या जागी उभं राहून पाहा. साधारण आठ फूट उंचीचा धिप्पाड देह आंधळ्या बापाच्या गुडघ्यांना बिलगलेला आहे. तिथे मुलगा दुसरं काय करणार? त्या क्षणाचा दोष फेलिक्सला द्यावासा मला वाटत नाही. त्याची खरी चूक नंतरची आहे. घरमालक भला माणूस आहे. तो सांगतो की तीन महिन्यांचं भाडं भरावं लागेल, बागेतलं पीक जाईल, दोनचार दिवस विचार करा. फेलिक्स ऐकत नाही. बापाचा जीव धोक्यात आहे, बायको आणि बहीण यातून सावरणार नाहीत, असं म्हणून तो घर सोडतो. त्या पाहुण्याशी बोललेला माणूस एकटा म्हातारा होता. त्याला कुणी काही विचारल्याचं कादंबरीत कुठेही येत नाही. न्यायालयात परक्या माणसाची बाजू ऐकून पेटून उठलेला फेलिक्स आपल्याच घरात साक्ष काढत नाही. डी लेसी काय म्हणाला असता, ही जागा लेखिकेने रिकामी ठेवली आहे, आणि माझ्या वाचनात ती मुद्दाम ठेवलेली आहे.

सफीचं पळणंही असंच टोचतं. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांसाठी रडलेली, स्वतः परकी म्हणून आलेली, तिला तरी ओळख पटायला हवी होती असं वाटतं. पण सोसलेलं दुःख माणसाला आपोआप दुसऱ्याचं दुःख दाखवत नाही. या कुटुंबाच्या उदाहरणातून कादंबरीचं हे म्हणणं सगळ्यात ठळकपणे उमटतं.

डोळा आणि कान यांची ही झुंज पुस्तकभर आहे. दहाव्या प्रकरणात हिमनदीवर व्हिक्टर ‘दूर हो’ म्हणतो, तेव्हा तो जीव आपले हात त्याच्या डोळ्यांवर ठेवतो : दिसणं टळलं, आता ऐक. शेवटी जहाजावर वॉल्टन त्याला पाहताच नकळत डोळे मिटून घेतो आणि मग त्याला थांबायला सांगतो. त्याचं म्हणणं ज्यांनी ज्यांनी ऐकून घेतलं, त्या प्रत्येकाचे डोळे आधी बाजूला व्हावे लागले. तेच सोळाव्या प्रकरणात व्हिक्टरचा धाकटा भाऊ, लहानगा विल्यम, याच्या बाबतीत होत नाही. मूल आहे, अजून पूर्वग्रह शिकलेलं नसेल, असा त्या जीवाचा कयास असतो. पोरगा ‘राक्षस’ म्हणून ओरडतो आणि लगेच वडिलांच्या हुद्द्याचा धाक घालतो. भीती आणि प्रतिष्ठा दोन्ही इतक्या लहान वयात शिकून झालेली असतात.

उलट बाजूही तपासा : व्हिक्टर परका होतो तेव्हा काय होतं? चौथ्या पत्रात बर्फावर सापडलेल्या व्हिक्टरबद्दल वॉल्टन लिहितो की आधी दिसलेला प्रवासी (म्हणजे तो जीवच) अज्ञात बेटावरचा रानटी वाटला, हा मात्र युरोपीय होता. उच्चार परकीय असूनही त्याला जहाजावर घेतात, ब्रँडीने अंग चोळतात. आयर्लंडच्या किनाऱ्यावर तो भरकटत येतो, तिथे लोक कपाळाला आठ्या घालून बोलतात, खुनाचा संशय घेतात. पण न्यायाधीश कर्विन त्याच्या खिशातली पत्रं वाचतो, जिनिव्हाला त्याच्या घरी कळवतो, तुरुंगातली बरी खोली, वैद्य आणि शुश्रूषेला बाई यांची सोय करतो. कर्विन दयाळू आहे, शंकाच नाही. पण व्हिक्टरच्या खिशात पत्रं होती, मागे घराणं होतं. त्या जीवाच्या खिशात होती ती व्हिक्टरची रोजनिशी, ज्यात त्याच्याविषयी किळस लिहिलेली.

उत्तरपत्रिकेत किंवा लेखात हमखास होणाऱ्या दोनतीन चुका सांगतो. ‘समाजाने त्याला राक्षस बनवलं’ एवढ्यावर थांबू नका. तो रात्री ते रिकामं घर जाळतो, विल्यमचा गळा दाबतो आणि जस्टिनच्या कपड्यांत विल्यमचं लॉकेट सरकवून एका निरपराध मुलीला फासावर पोचवतो. त्याचं दुःख समजून घेणं आणि त्याची कृत्यं मोजणं, दोन्ही एकाच उत्तरात बसतं. दुसरं, आठव्या प्रकरणातला जस्टिनचा खटला वगळू नका. ती फ्रँकेनस्टाइन घराण्यात वाढलेली, सगळ्यांची लाडकी. पण आरोप येताच साक्षीदार कच खातात आणि तिच्यासाठी ठामपणे बोलायला एकटी एलिझाबेथ, त्याच घरात वाढलेली व्हिक्टरची होणारी बायको, उभी राहते. आपलं माणूस एका दिवसात परकं कसं होतं, याचा हा नमुना.

तिसरं, पडद्यावरचा आणि रंगभूमीवरचा जीव डोक्यातून काढून टाका. १८२३ च्या लंडनमधल्या नाट्यरूपांतरातच त्याला मुका केलं गेलं आणि १९३१ च्या प्रसिद्ध चित्रपटातही तो बोलत नाही. वाचा काढून घेतली की उरतो तो चेहरा, आणि कादंबरीचा सगळा वाद तिथेच संपतो. १८२४ मध्ये ब्रिटिश संसदेत परराष्ट्रमंत्री जॉर्ज कॅनिंगने गुलामांना तात्काळ मुक्त करण्याविरुद्ध बोलताना याच जीवाचा दाखला दिला : ताकद प्रौढाची, बुद्धी बाळाची. ज्याने मिल्टन आणि प्लूटार्क वाचून स्वतःच्या हक्कांची मांडणी केली, त्याच्याबद्दल हे विधान!

आता आवृत्तीचा मुद्दा. १८१८ मध्ये एलिझाबेथ ही व्हिक्टरची आतेबहीण आहे. १८३१ मध्ये लेखिकेने ते बदललं. तिथे ती कोमो सरोवराजवळच्या एका गरीब शेतकऱ्याच्या झोपडीत पाच उपाशी मुलांमध्ये सापडते. चार मुलं काळ्या डोळ्यांची, राकट, भटकी म्हणून उल्लेखलेली. पाचवी नाजूक, गोरी, सोनेरी केसांची, म्हणून व्हिक्टरच्या आईचं मन तिच्यावर बसतं. ती मिलानच्या एका उमरावाची मुलगी निघते. व्हिक्टर हे सगळं अभिमानाने सांगतो, त्याला त्यात काहीच खटकत नाही. उरलेली चार मुलं त्याच झोपडीत राहतात आणि कादंबरी त्यांच्याकडे पुन्हा वळत नाही. तुमच्याकडे १८३१ ची आवृत्ती असेल, तर पहिल्या प्रकरणातला हा परिच्छेद पंधराव्या प्रकरणातल्या काठीच्या प्रसंगाशेजारी ठेवून उत्तराची सुरुवात करा. १८१८ ची असेल तर हा पुरावा तुम्हाला वापरता येणार नाही. मग चौथ्या पत्रातलं ते ‘युरोपीय’ वाक्य घ्या, ते दोन्ही आवृत्त्यांत आहे.